दुधाच्या रेषेचा माग

‘सस्तन’ हा शब्द मराठी मुलांना प्राथमिक शाळेतच भेटतो. गाय, मांजर, वटवाघूळ, देवमासा आणि आपण स्वतः, सगळे एका कंसात. शब्दाची घडण संस्कृत आहे, पण एवढ्या मोठ्या प्राणिवर्गाला स्तनांवरून नाव द्यावे ही कल्पना स्वीडनमधली. कार्ल लिनियसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत ‘मॅमेलिया’ हे नाव वापरले. त्याआधी तो या वर्गाला चतुष्पाद म्हणत असे. त्या नावात देवमासा बसत नव्हता आणि माणूसही ओढूनताणूनच बसवावा लागत होता. अंगावरच्या केसांवरून नाव देता आले असते. लिनियसने स्तन निवडला. लोंडा शीबिंगर या इतिहासकार बाईंनी या निवडीमागचा सामाजिक धागा उलगडून दाखवला आहे. लिनियस डॉक्टर होता, सात मुलांचा बाप होता. तान्ही मुले पगारी दाईच्या अंगावर पाजायला देण्याची चाल युरोपातल्या सुखवस्तू घरांत रूढ होती, आणि तिच्याविरुद्ध त्याने १७५२ साली प्रबंध लिहिला होता. आईने स्वतः पाजावे हा आग्रह आणि नवे वर्गनाम, दोन्ही एकाच माणसाकडून सहा वर्षांच्या अंतराने आले.

फ्रान्सच्या बुफाँला हे नाव पटले नाही. ज्या खुणेवरून वर्ग ओळखायचा ती निदान वर्गातल्या प्रत्येकाकडे असायला हवी, आणि घोड्याला तर सड नसतात, असा त्याचा आक्षेप होता. घोड्याची ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवली होती. नराला स्तनाग्रे नसतात, जे शिंगरू आईवर जाते त्याला मात्र असतात, असे त्याने लिहिले आहे. पुरुषाला आहेत, घोड्याला नाहीत, हे का? या प्रश्नाला उत्तर मिळायला विसावे शतक बरेचसे सरावे लागले, आणि ते घोड्याकडून आले नाही, उंदराकडून आले.

लिनियसला स्तन दिसत होता तो पूर्ण वाढलेला. तो शरीरात कुठे, केव्हा आणि कशापासून सुरू होतो, हे त्याच्या काळात कोणालाच सांगता येत नव्हते.

सुरुवात ठाऊक नसली की माणसे भलत्याच गोष्टी गृहीत धरतात, आणि या अवयवाच्या बाबतीत त्याची किंमत काहींनी जीव देऊन मोजली. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चेटकिणीच्या अंगावर एक जादा स्तनाग्र असते आणि तिचे पाळीव भूत तिथे रक्त पिते, अशी समजूत होती. १६४५ ते १६४७ या काळात मॅथ्यू हॉपकिन्स पूर्व इंग्लंडमधल्या गावोगाव फिरला. संशयित बायकांची अंगे तपासायला त्याच्या दिमतीला बायकाच असत. मस, चामखीळ, मूळव्याधीचा कोंब, काहीही सापडले तरी ते ‘सड’ ठरे. ही समजूत अटलांटिक ओलांडून गेली. २ जून १६९२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये नऊ बायका आणि एक शल्यवैद्य यांनी तुरुंगातल्या आरोपी स्त्रियांना नग्न करून तपासले. ब्रिजेट बिशप, रिबेका नर्स आणि एलिझाबेथ प्रॉक्टर या तिघींच्या अंगावर अनैसर्गिक मांसवाढ असल्याचा अहवाल त्यांनी दिला. त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली तेव्हा ती वाढ दिसली नाही. १० जूनला ब्रिजेट बिशपला फाशी झाली.

त्या तिघींच्या अंगावर जे काही दिसले ते खरोखर जादा स्तनाग्र असण्याची शक्यता कमीच; अहवालात सांगितलेली जागाच त्याला जुळत नाही. पण माणसांना जादा स्तनाग्रे असतात हे खरे आहे, आणि तेवढ्या एका खऱ्या गोष्टीभोवती भयाचे केवढे जाळे विणले गेले! मदुराईच्या मीनाक्षीच्या कथेत तीन स्तन घेऊन जन्मलेली राजकन्या शिवाला पाहते आणि तिसरा स्तन नाहीसा होतो. दक्षिणेतल्या त्या कथेत जादा स्तन ही देवीची खूण आहे. इंग्लंडमध्ये तीच सैतानाची झाली.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी ही खूण भयाकडून काढून घेतली आणि मोजायला सुरुवात केली. १८२७ साली मार्सेयमधून एका बाईची हकिकत प्रसिद्ध झाली होती. तिच्या मांडीवर दूध देणारा स्तन होता. अशा चमत्कारिक वाटणाऱ्या नोंदी साचत गेल्या. १८७८ साली जर्मन वैद्य ओटो लाइख्टेनस्टर्न यांनी शंभरावर उदाहरणे एकत्र करून मांडली, तेव्हा त्यांतली बहुतेक छातीच्या पुढच्या बाजूला, नेहमीच्या स्तनाग्राच्या खाली असल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मिचेल ब्रूस यांनी छातीच्या विकारांसाठी आलेल्या सुमारे चार हजार रुग्णांची तपासणी जाहीर केली. शंभरात एकदोघांना जादा स्तनाग्र होते, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त निघाले. डॉक्टर रुग्णाची छाती उघडी करून स्टेथॉस्कोप लावू लागले म्हणून हे मोजणे शक्य झाले. ज्यांच्या अंगावर ती खूण होती त्यांतल्या अनेकांना तो तीळ वाटत होता.

अशा खुणांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न चार्ल्स डार्विननेही केला. माणसाच्या पूर्वजांना स्तनांच्या अनेक जोड्या असाव्यात आणि जादा स्तन म्हणजे त्या पूर्वजांकडे मारलेली उलटी उडी असावी, असे त्याला वाटत होते. पण ‘डिसेंट ऑफ मॅन’च्या १८७४ च्या आवृत्तीत त्याने स्वतःच या मताची धार कमी केली. जादा स्तन काखेत, पाठीवर, मांडीवरही सापडतात हे त्याच्या कानावर आले होते. मग पूर्वजांच्या रांगेचा युक्तिवाद पूर्वीइतका भक्कम राहिला नाही, अशी प्रांजळ कबुली त्याने दिली. डार्विन अडला तो योग्य जागी. त्याच्याजवळ जादा स्तनांची यादी होती, पण ते ज्या ओळीत बसतात ती ओळ नव्हती. ती प्रौढ माणसाच्या अंगावर दिसणारच नव्हती.

ती दिसली बव्हेरियातल्या व्युर्ट्सबर्ग गावी, १८९२ साली, डुकराच्या भ्रूणात.

ऑस्कर शुल्त्से तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. सूक्ष्मदर्शक त्याच्या घरातच होता म्हणायला हरकत नाही: त्याचे वडील मॅक्स शुल्त्से म्हणजे पेशी हा केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा आहे ही व्याख्या मांडणारे शास्त्रज्ञ. ऑस्कर चौदा वर्षांचा असताना ते वारले. व्युर्ट्सबर्गला ऑस्कर काम करत होता तो अल्बर्ट फॉन कोलिकर यांच्या संस्थेत. कोलिकर म्हणजे त्या काळच्या ऊतिशास्त्राचे भीष्माचार्य, आणि स्तनग्रंथीच्या वाढीबद्दल त्यांनी स्वतःही लिहिले होते. तोवरची समजूत अशी होती की प्रत्येक स्तनग्रंथी आपापल्या जागी, एकटीच त्वचेत रुजते. एकेका ग्रंथीचा कोंब अनेकांनी पाहिला होता, रेखाटला होता. तो कोंब यायच्या आधी त्या जागी काय असते, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

डुक्कर हा भ्रूणशास्त्राचा जुना मित्र. एका विणीला बरीच पिले, त्यामुळे एकाच गर्भाशयात जवळपास एकाच वयाचे अनेक भ्रूण मिळतात. शिवाय खाटीकखान्यातून ते सहज उपलब्ध होत. आणि डुकरिणीच्या पोटाखाली सडांच्या दोन लांब रांगा असतात, बहुधा सहा-सात जोड्या किंवा त्याहूनही जास्त. स्तन कुठून येतो हे शोधायचे तर ज्याला ते इतके आहेत त्याच्याकडे पाहावे, हे सरळच आहे. शुल्त्सेने नेहमीपेक्षा लहान भ्रूण घेतले. सडांचा पत्ताही नसलेल्या त्या इवल्या देहाच्या दोन्ही कुशींवर त्याला एकेक बारीक उंचवटा दिसला. पुढच्या पायाच्या मुळापासून मागच्या पायाच्या मुळापर्यंत, शेतातल्या वरंब्यासारखा सलग. थोड्या मोठ्या भ्रूणात त्याच वरंब्यावर ठरावीक अंतरांवर फुगवटे आलेले होते. आणखी मोठ्या भ्रूणात फुगवटे गोल होऊन ठळक झाले होते, आणि त्यांच्या मधला वरंबा विरून गेला होता. हेच फुगवटे पुढे सड होतात.

त्याने या वरंब्याला ‘मिल्खलायस्टे’ असे नाव दिले. मराठीत दुधाची कड म्हणता येईल. मराठी वैद्यकीय लेखनात दुग्धरेषा हा शब्द रुळला आहे. डुकराखेरीज इतर काही सस्तन प्राण्यांच्या भ्रूणांतही त्याला ती दिसली, आणि १८९३ साली व्युर्ट्सबर्गच्या भौतिक-वैद्यकीय मंडळाच्या कार्यवृत्तात त्याने सविस्तर लेख दिला. हे मंडळ कोलिकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १८४९ साली स्थापन केलेले. तीनच वर्षांनी, २३ जानेवारी १८९६ रोजी, याच मंडळासमोर विल्हेल्म रोंटगेन उभा राहिला, त्याने कोलिकर यांच्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र सर्वांसमक्ष काढले, आणि कोलिकर यांनी त्या किरणांना रोंटगेनचे नाव द्यावे असे सुचवले. त्या सभेची आठवण सारे जग काढते. शुल्त्सेच्या लेखाची फारसे कोणी काढत नाही. पण एका गावातल्या एका विद्वत्सभेने शरीराच्या आत पाहण्याच्या दोन वाटा अशा लागोपाठ खुल्या केल्या, आणि पन्नास वर्षांनी त्या दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळाल्या. ती गोष्ट पुढे येईलच.

शुल्त्सेच्या रेषेने एका झटक्यात किती गोष्टी मार्गी लावल्या, हे पाहायला गोठ्यात डोकावले तरी पुरे. गाईची कास मागच्या पायांमध्ये. शेळीची तिथेच, पण सड दोनच. हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांमध्ये, माणसासारखे छातीवर. कुत्रीला छातीपासून जांघेपर्यंत रांग. वरवर पाहता प्रत्येक जनावराची तऱ्हा वेगळी. भ्रूणाच्या पातळीवर रेषा एकच, आणि प्रत्येक जात तिचा वेगवेगळा तुकडा राखते. माणसाने राखला तो छातीवरचा. बाकीचा विरतो. कुठे एखादा ठिपका विरायचा राहिला तर तो जादा स्तनाग्र म्हणून दिसतो, आणि म्हणून लाइख्टेनस्टर्न यांच्या यादीतली माणसे छातीपासून पोटाकडे उतरणाऱ्या ओळीत उभी होती. डार्विनला अडवणारी काखही याच ओळीच्या टोकाशी आहे. पाठीवरची आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची विरळा उदाहरणे मात्र तिच्यातही नीट बसत नाहीत, आणि शरीररचनाशास्त्रज्ञ त्यांवरून पुढे बरीच वर्षे भांडत राहिले.

डुकराचे खरे, पण माणसाचे काय? मानवी भ्रूण खाटीकखान्यात मिळत नाहीत. गर्भपातानंतर किंवा गरोदर स्त्रीच्या मृत्यूनंतर एखादा भ्रूण एखाद्या डॉक्टरमार्फत प्रयोगशाळेत पोचे, आणि त्याचा प्रत्येक पातळ काप जपून ठेवला जाई. १८९७ साली एरिख कालियस यांनी एका मानवी भ्रूणातल्या दुधाच्या कडेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमाराला ह्यूगो श्मिट यांनी आणखी मोठे विधान केले: मानवी भ्रूणात नेहमीच्या जोडीखेरीज स्तनांचे जादा सूक्ष्म अंकुर दिसणे ही नेहमीचीच बाब आहे; ते उमटतात आणि विरतात. सेलममध्ये जिच्यासाठी बायकांची झडती घेतली ती ‘जादा’ खूण म्हणजे जवळजवळ प्रत्येक माणूस आईच्या पोटात असताना ज्या टप्प्यातून जातो त्याची उरलेली रेघ, इथवर शास्त्र दोनशे वर्षांत आले. माणसात हा वरंबा डुकराइतका सलग आणि ठसठशीत नसतो, यावर मात्र पुढे बहुतेकांचे एकमत झाले.

आज हा क्रम असा सांगितला जातो. फलनानंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यात भ्रूण जेमतेम सेंटिमीटरभर असतो. आईला दिवस गेल्याची खात्री नुकतीच पटलेली असते. तेव्हा त्याच्या त्वचेचा वरचा थर काखेपासून जांघेपर्यंतच्या पट्ट्यात किंचित जाड होतो. थोड्याच दिवसांत छातीवरची दोन ठाणी सोडून बाकीचे जाड होणे ओसरते. सातव्या-आठव्या आठवड्यात त्या दोन ठिकाणी त्वचेची एक कळी खाली, आतल्या मऊ थरात बुडते. म्हणजे स्तन बाहेर येण्याआधी आत जातो. चौथ्या महिन्यात त्या कळीला कोंब फुटतात, मग ते कोंब लांब दोऱ्यांसारखे वाढतात, शेवटच्या महिन्यांत पोकळ होऊन दुधाच्या नळ्या बनतात. जन्माच्या सुमारास खालची ऊती वाढून मधला खळगा वर उचलते आणि स्तनाग्र तयार होते. कधी ते उचलले जात नाही; आत ओढलेले स्तनाग्र म्हणून ज्या स्त्रियांना पाजताना त्रास होतो, त्यांतल्या पुष्कळजणींच्या बाबतीत कारण इतके जुने असते. मुलगा आणि मुलगी यांत या साऱ्या काळात फारसा फरक नसतो.

नळ्या किती, हीसुद्धा एक गोष्टच आहे. पाठ्यपुस्तके पंधरा ते पंचवीस सांगत आली. लंडनचे शल्यवैद्य ॲस्टली कूपर यांनी १८४० साली स्तनाच्या रचनेवर एक देखणा ग्रंथ काढला, त्यासाठी त्यांनी मृत स्तनदा स्त्रियांच्या नळ्यांत रंगीत मेण भरून त्या मोकळ्या केल्या होत्या. त्या चित्रांवर पिढ्या शिकल्या. २००५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात डोना रॅम्से आणि पीटर हार्टमन यांच्या गटाने पाजत्या आयांच्या स्तनांची अल्ट्रासाउंड तपासणी केली, तेव्हा बाहेर उघडणाऱ्या मुख्य नळ्या सरासरी नऊच भरल्या. ज्या अवयवाकडे इतकी शतके सगळे पाहत आले, त्याच्यातल्या नळ्या जिवंतपणी मोजायला एकविसावे शतक उजाडले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयाची मशाल ज्याने वाहिली तो एर्न्स्ट ब्रेसलाऊ. लंडनला दिलेली त्याची व्याख्याने १९२० साली पुस्तकरूपाने आली. त्यात काटेमुंगीखाऊ आणि कांगारूपासून माणसापर्यंत स्तनांच्या उगमाचा पट होता. तो कोलोनला प्राध्यापक होता आणि ज्यू होता. १९३३ साली नाझी राजवटीने त्याला पदावरून काढले. तो ब्राझीलला गेला, साओ पावलोच्या नव्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचा विभाग उभारला, आणि १९३५ साली तिथेच वारला.

दुसरा निर्वासित कीव्हचा. बोरिस बॅलिन्स्कीने विद्यार्थिदशेतच, १९२५ साली, एक कमालीचा प्रयोग केला होता. त्याने न्यूट या पाणसरड्याच्या भ्रूणाच्या कुशीत कानाचा अंकुर रुजवला, आणि तिथे जादा पाय उगवला. कुशीची त्वचा काय काय घडवू शकते, हे तेव्हापासून त्याच्या मनात असणार. युद्धाने त्याला युक्रेनमधून पोलंड, तिथून म्युनिक असे फिरवले, आणि १९४७ साली तो एडिंबरोला कॉनराड वॉडिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे त्याने उंदराच्या भ्रूणातली स्तनाची कळी घेतली आणि एक अत्यंत कष्टाचे काम केले: विभागत असलेल्या पेशी मोजल्या. कळी वाढते आहे म्हणजे तिच्या पेशी भराभर विभागत असणार, असे कोणालाही वाटेल. मोजणी उलटे सांगत होती. कळीत विभागणी आजूबाजूच्या त्वचेपेक्षाही मंद होती. मग कळी मोठी कशी होते? बॅलिन्स्कीचे उत्तर असे की शेजारच्या त्वचेतल्या पेशी चालत येऊन तिथे गोळा होतात. हे १९५० च्या सुमारास छापले गेले. २०२१ साली हेलसिंकीतल्या मार्या मिक्कोला यांच्या गटाने जिवंत ऊतीत चमकत्या पेशींचा माग काढला, आणि पेशी खरोखरच आत येत असल्याचे दाखवले. सत्तर वर्षे आधी, फक्त काचपट्ट्या आणि चिकाटी यांच्या जोरावर, तो माणूस बरोबर होता.

बॅलिन्स्की पुढे जोहान्सबर्गला गेला आणि त्याने भ्रूणशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक लिहिले. भारतात प्राणिशास्त्र शिकलेल्या अनेकांना त्याचे नाव त्या जाड पुस्तकावरूनच ठाऊक असते. वॉडिंग्टन यांच्या त्याच एडिंबरोच्या संस्थेत काही वर्षांनी पुण्याच्या लीला मुल्हेरकर कोंबडीच्या भ्रूणावर काम करून आल्या आणि पुणे विद्यापीठात त्यांनी प्रायोगिक भ्रूणशास्त्र रुजवले. महाराष्ट्रातल्या या विद्याशाखेचे एक मूळ असे स्कॉटलंडमध्ये आहे.

आता घोडा. अल्बेर रेनो या फ्रेंच संशोधकाने १९४० च्या दशकात गरोदर उंदरिणीच्या पोटातल्या गर्भांवर क्ष-किरणांचा बारीक झोत टाकून त्यांची वृषणे जाळली. व्युर्ट्सबर्गच्या दोन वाटा मिळाल्या त्या इथे. नर उंदराला स्तनाग्रे नसतात; त्याची स्तनाची कळी गर्भातच तुटते. पण वृषणे नष्ट झालेल्या नरांत ती मादीसारखी शाबूत राहिली. म्हणजे कळी तोडणारे काहीतरी वृषणातून येते. ते टेस्टोस्टेरॉन. ते नेमके कोणाला आज्ञा देते, हे ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ क्लाउस क्राटोख्विल आणि पेट्रा श्वार्ट्झ यांनी १९७६ साली शोधले. टेस्टोस्टेरॉनची दखलच न घेणाऱ्या उंदरांची एक जात होती. त्यांनी अशा उंदराची कळी आणि साध्या उंदराचा खालचा थर, तसेच याच्या उलट, अशा जोड्या जुळवून प्रयोगशाळेत वाढवल्या. खालचा थर साधा असेल तरच कळी मरत होती. हार्मोनचा निरोप कळीला नसतो, तिच्या शेजाऱ्यांना असतो. शेजारचे मऊ पेशींचे कडे कळीभोवती आवळत जाते आणि तिचा देठ तोडते. माणसाच्या गर्भात असे कडे आवळले जात नाही, म्हणून पुरुषाच्या छातीवर ती दोन ठाणी आयुष्यभर राहतात. बुफाँने लिनियसला विचारलेल्या प्रश्नाचा धागा इथे येऊन हाती लागला.

खालच्या थराची ही सत्ता आणखी कुठवर जाते? जपानी संशोधक तेरुयो साकाकुरा यांनी १९७६ सालीच ते दाखवले. उंदराच्या स्तनाची त्वचा आणि लाळग्रंथीखालचा थर एकत्र वाढवला, तर फांद्या लाळग्रंथीसारख्या फुटल्या. पण त्या फांद्यांनी दूधच बनवले. आकार शेजाऱ्याचा, स्वभाव स्वतःचा. या एका वाक्यात मावणाऱ्या निकालाने अवयव कसे घडतात याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

शेवटचा मोठा दुवा कर्करोगाच्या वाटेने आला. काही कर्करोगांत रक्तातले कॅल्शियम भयंकर वाढते. १९८७ साली मेलबर्नमध्ये जेन मोजली, जॅक मार्टिन आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे प्रथिन वेगळे केले. पॅराथायरॉइड हार्मोनशी नाते असल्यामुळे त्याला पीटीएचआरपी म्हणतात. ते नसलेले उंदीर तयार केले तर ते जन्मताच दगावत, कारण बरगड्यांची हाडे नीट होत नव्हती. येलच्या जॉन वायसोल्मेर्स्की यांच्या गटाने १९९८ साली केवळ कूर्चेला ते प्रथिन परत दिले. उंदीर जगले. मोठे झाले. आणि त्यांना स्तनग्रंथीच नव्हत्या. कळीने खालच्या थराला ‘तू आता स्तनाचा हो’ असे सांगायचा निरोप म्हणजे हेच प्रथिन, आणि निरोप न गेल्याने सारे थांबले होते. २००१ साली त्याच गटाने एका विरळा, जीवघेण्या अस्थिविकाराचे मानवी गर्भ तपासले, ज्यांच्यात या निरोपाचा ग्राहकच नादुरुस्त होता. त्यांच्याही छातीवर स्तनाग्रे नव्हती.

कूर्चेच्या त्या प्रयोगाच्या आदल्या वर्षी, १९९७ साली, मायकेल बॅमशॅड यांनी अमेरिकेतल्या यूटामधल्या एका मोठ्या कुटुंबाच्या आधारे टीबीएक्स-३ या जनुकाचा दोष शोधला होता. या कुटुंबात काहींची करंगळीकडची बोटे आणि हाताचे हाड अपुरे होते, आणि स्तनही. हात आणि स्तन यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. शुल्त्सेच्या डुकराकडे परत पाहावे: वरंबा हाताच्या मुळापासूनच सुरू होतो. एकाच कुशीवर शेजारी शेजारी उगवणारे दोन अवयव, एकच जनुक दोघांनाही कामी येते.

दवाखान्यात हा इतिहास रोज भेटतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते आणि एखादीच्या काखेत दुखरी गाठ येते. घरचे घाबरतात. ती बहुधा दुग्धरेषेच्या वरच्या टोकाला राहून गेलेली स्तनाची ऊती असते, आणि छातीसोबत तीही भरते. तिला बाहेर वाट नसते, म्हणून ठणकते. थंड शेक आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेकींचे भागते. मात्र ती खरी स्तनऊती असल्यामुळे स्तनाला होणारे आजार तिलाही होऊ शकतात, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवणे बरे.

आणि तान्ह्या बाळाची छाती. जन्मानंतर काही दिवसांत ती कधी सुजल्यासारखी दिसते, तिथून दुधाचा थेंबही येतो. मुलगा असला तरी. युरोपात याला चेटकिणीचे दूध म्हणत. सेलमचे भय बाळाच्या अंगावर असे चिकटून राहिले. आपल्याकडे मालीश करणारी बाई किंवा घरातली वडीलधारी बाई ‘साठलेले काढून टाकायला हवे’ म्हणून ती छाती दाबते, आणि त्यातून जंतुसंसर्ग होऊन गळू झालेली बाळे बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेली आहेत. ते काढायचे नसते. आईच्या हार्मोन्सनी पोटात असताना ज्या नळ्यांना जागे केले, त्यांनी जन्मानंतर केलेले ते पहिले काम असते. मुलगा असो, मुलगी असो, आईच्या हार्मोन्सचा अंमल ओसरला की काही आठवड्यांत सूज उतरते, थेंब थांबतात, आणि नळ्या शांत होतात. मुलीच्या बाबतीत दहा-बारा वर्षांसाठी.